पावसाळ्यात डायपोल बिघडतो? तार कापायच्या आधी हे बघा

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, तारेचा अँटेना. मे महिन्यात ७.१०० मेगाहर्ट्झवर त्याचा एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळलाय त्याचा आकडा, १ म्हणजे उत्तम, वाढेल तितका वाईट) १.३. मृग लागतो, दोन-चार सरी जोरात कोसळतात आणि एका संध्याकाळी त्याच ७.१०० वर १.९. बँडच्या वरच्या टोकाला, ७.१८० च्या पुढे, तर तीनच्या आसपास. रेडिओ आपणहून पॉवर खाली ओढतो. दोन दिवस उघडीप मिळाली की आकडा परत जागेवर. पुन्हा पाऊस, पुन्हा तेच.

मुंबईत गच्चीवर तारेचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या बाजूंची तार) लावणाऱ्याला हे दुखणं नवीन नाही. त्यावर पहिला इलाज सुचतो तो पक्कड घेऊन वर जायचं आणि तार कापायची. मीही कापली होती, ऑक्टोबरात पस्तावलो. पुढच्या पावसाळ्यांत वेगवेगळ्या कारणांनी अँटेना बिघडत गेला आणि तार कापणं हे एकदाही बरोबर उत्तर निघालं नाही.

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. माहीमला चार मजली जुनी इमारत, समुद्र चालत पाच मिनिटांवर. गच्ची लांबीला साधारण १७ मीटर. मधोमध पाण्याच्या टाकीला बांधलेला जीआय पाइप, त्याच्या टोकाला, गच्चीपासून पाचेक मीटरवर, फीडपॉइंट, म्हणजे केबल तारांना जोडते ती जागा. तिथून दोन्ही बाजूंना तारा उतरत कठड्यापर्यंत. एकाच फीडपॉइंटला तीन जोड्या: ४०, २० आणि १० मीटर बँडच्या. (हे मीटर तरंगलांबीचे, तारेचे नव्हेत: ४० म्हणजे ७ मेगाहर्ट्झ, २० म्हणजे १४, १५ म्हणजे २१ आणि १० म्हणजे २८.) १५ मीटरला वेगळी तार नाही, ४० ची तारच तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीवर, चालवतो. तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून प्लंबिंगच्या अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे भोकं पाडून मध्ये अडकवलेत. तार लोहार चाळीतून आणलेली, दीड स्क्वेअर एमएमची, घराच्या वायरिंगला वापरतात ती मल्टिस्ट्रँड. फीडपॉइंटपासून दुसऱ्या मजल्यावरच्या घरापर्यंत २५ मीटर आरजी-५८ केबल.

लांबीचा हिशोब नेहमीचाच. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की पूर्ण डायपोलची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे एका बाजूला १०.०७. पण हे उघड्या तारेचं. पीव्हीसीचं वेष्टण असलं की तार विजेच्या दृष्टीने लांब वाटते, त्यामुळे दोन-चार टक्के कमी ठेवावी लागते. माझी ४० ची एक बाजू ९ मीटर ७५ सेंटिमीटरवर बसली. उतार धरूनही गच्ची तोकडी पडते, म्हणून दोन्ही टोकं कठड्याबाहेर फूट-दीड फूट लोंबतात. एक टोक ओल्या भिंतीपाशी, दुसरं शेजारच्या आवारातल्या माडाच्या झावळीपासून हातभर. हे लोंबणं पुढे महागात पडलं.

एक आकडा मात्र पाठच करून ठेवा. ४० मीटरवर दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर कमी केलं की रेझोनन्स, म्हणजे तार जिथे नेमकी लागते ती फ्रिक्वेन्सी, सुमारे ७ किलोहर्ट्झ वर सरकतो. २० मीटरवर तेवढ्याच सेंटिमीटरला २८, आणि १० मीटरवर तब्बल ११० च्या वर. म्हणजे १० मीटरच्या तारेत बोटभर चूक झाली तर अख्खा बँड हातातून जातो आणि ४० वर तीच चूक कळतही नाही.

आकडा बघू नका, आलेख बघा

रेडिओवरचा एसडब्ल्यूआर मीटर एका फ्रिक्वेन्सीवरचा एक आकडा सांगतो. १.३ चा १.९ झाला, एवढंच. का झाला ते त्यातून कळणं शक्य नाही. नॅनोव्हीएनए किंवा कुठलाही अँटेना अ‍ॅनलायझर घ्या आणि ६.८ ते ७.४ मेगाहर्ट्झचा पूर्ण आलेख काढा. स्वतःचा नसेल तर ओळखीच्या हॅमकडून दोन दिवसांसाठी मागून आणा. डिप (आलेखातला खड्डा, जिथे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी) कुठे आहे, किती खोल आहे आणि दोन्ही बाजूंचे उतार कसे आहेत, या तिन्हींवरून बराचसा निवाडा खाली घरात बसूनच होतो.

डिप तितकाच खोल, पण डावीकडे सरकलेला: तार विजेच्या दृष्टीने लांब झाली आहे. ओल, जवळ आलेलं झाड, सैल पडलेली दोरी, ताणली गेलेली तार.

डिप जागेवर, पण उथळ: फीडपॉइंटचा रेझिस्टन्स बदललाय. खाली-बाजूला काहीतरी धातूचं आलंय किंवा जोड गंजलाय.

सगळा आलेखच खाली झोपलेला, सगळ्या बँडवर एसडब्ल्यूआर 'छान': केबलने पाणी प्यायलंय. ही सगळ्यात फसवी अवस्था, तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

आलेख वाऱ्याबरोबर उड्या मारतोय: कुठला तरी जोड सुटायच्या बेतात आहे.

आणि बँडांची तुलना करा, ती फार उपयोगाची. ४० आणि १५ माझ्याकडे एकाच तारेवर आहेत. ४० चा डिप ८० किलोहर्ट्झ खाली आला की १५ चा त्याच्या तिपटीने, २४० च्या आसपास खाली येतो. आता तिसऱ्या हार्मोनिकचा रेझोनन्स मुळात बरोबर तिप्पट नसतो, थोडा वरच असतो. ७.१ ला कापलेला डायपोल २१.३ वर न लागता २१.४५० च्या बँडच्या टोकापलीकडे लागतो. म्हणून पावसात ४० बिघडतो तेव्हा १५ सुधारतो! पहिल्यांदा मला ही जादूच वाटली. पण ४० वाईट, १५ बरा आणि १० जिथल्या तिथे, असं दिसलं की केबल आणि कनेक्टर जवळपास निर्दोष सुटले. दोष ४० च्या तारेच्या टोकांपाशी.

पहिला पावसाळा: अकरा सेंटिमीटरची चूक

त्या वर्षी नेमकं हेच झालं होतं, पण मला आलेख वाचता येत नव्हता. डिप ७.१०० वरून ७.०२० वर आलेला. ८० किलोहर्ट्झ भागिले ७, म्हणजे दर बाजूला अकरा सेंटिमीटर. हिशोब चोख, उघडीप बघून वर गेलो, दोन्हीकडून अकरा-अकरा कापलं, एसडब्ल्यूआर १.३. मी खूश. ऑक्टोबरात पाऊस गेला, भिंती वाळल्या, आणि डिप ७.१८० वर. खाली ७.०५० वर, जिथे सकाळी सगळी मंडळी भेटतात, तिथे सव्वादोनच्या पुढे.

कारण असं. डायपोलच्या मध्यावर करंट जास्त आणि टोकांवर व्होल्टेज जास्त. टोकाजवळ जे काही येतं, ओली भिंत, ओली झावळी, लोखंडी ग्रिल, ते कपॅसिटन्स वाढवतं आणि रेझोनन्स खाली ओढतं. तीच भिंत मध्याजवळ असती तर तिचा एवढा जाच झाला नसता. पीव्हीसीवर साचणारा पाण्याचा पातळ थरही तेच करतो, पण माझ्याकडे मोठा वाटा टोकांचा होता. हे मी एका उघडिपीला ताडून पाहिलं: तार ओलीच होती, फक्त माडाकडचं टोक दोरीने मीटरभर आत ओढून धरलं आणि खाली मुलाला आकडा वाचायला बसवलं. ८० पैकी निम्म्याहून जास्त फरक तिथेच भरून निघाला.

तेव्हा कापू नका, दुमडा. टोकाची जादा तार तिच्याच अंगावर मागे घेऊन घट्ट पिळा आणि झिपटायने आवळा. दुमडणं कापण्याइतकं अचूक नसतं, परिणाम थोडा कमी होतो, पण ऑक्टोबरात पीळ सोडवता येतो. कापलेली तार परत जोडायला मला सोल्डरिंग आयर्न, वीस मीटरची एक्स्टेन्शन बोर्डची वायर आणि वॉचमनची मनधरणी लागली होती.

आणि त्याहून सोपं म्हणजे जुळवणीच मधोमध करा. कोरड्यात ७.१०० ला नेमकं बसवण्याचा हट्ट सोडून मी आता ७.१३० ला बसवतो. टोकं भिंतीपासून लांब घेतल्यावर ओल्यात ते ७.०६५ च्या आसपास येतं. ७.१०० वर दोन्ही ऋतूंत दीडच्या आत. भारतात ४० मीटर बँड ७.००० ते ७.२०० एवढाच आहे, त्यामुळे हे जमून जातं.

दोऱ्यांबद्दल दोन शब्द. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, मग तार झोळ खाते आणि टोक कठड्याला टेकतं. पिवळी-निळी स्वस्त दोरी उन्हात पावडर होऊन झडते. नागदेवीत पॉलिएस्टरची मागा. एका बाजूला पुली लावून वाळू भरलेली दोन लिटरची बाटली टांगली की झोळ आपोआप निघतो. मऊ तांब्याची घरगुती तार स्वतःही हळूहळू ताणली जाते, म्हणून वर्षातून एकदा टेपने लांबी मोजा. एकदा तर काही केल्या डिप सापडेना. वर जाऊन बघतो तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाइपच्या ताणदोरीवर ओली गोधडी वाळत घातलेली, आणि दोरी खाली, तार गोधडीवर. काकू म्हणाल्या, "अरे, मला वाटलं सोसायटीने नवीन दोरी बांधलीये."

दुसरा पावसाळा: एसडब्ल्यूआर उत्तम, उत्तर कुणाचंच नाही

हा भाग नीट वाचा, कारण यात मी दीड महिना घालवला.

जुलैच्या मध्यावर १० मीटरवर एसडब्ल्यूआर १.२. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, २८ पासून २९.७ पर्यंत, सपाट. कोरड्यात तो मध्यावर १.५ आणि टोकांना अडीच असायचा. मला वाटलं पावसाने माझं भलं केलं. फक्त हाका मारून घसा बसला तरी उत्तर येईना आणि ऐकूही कमी येत होतं. बँड बंद आहे, लहरी लांब जातच नाहीयेत, अशी मी मनाची समजूत घातली.

बँड चालू होता. केबल भिजली होती.

गणित साधं आहे. एसडब्ल्यूआर म्हणजे वरून परत येणारी पॉवर किती, याचं माप. केबलने जाताना आणि येताना दोन्ही वेळा पॉवर खाल्ली तर परत येणारं काही उरतच नाही, आणि मीटरला वाटतं अँटेना झकास जुळलाय. म्हणून खराब केबल एसडब्ल्यूआर सुधारते. पन्नास ओमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा खोटा भार, वरच्या टोकाला लावून तपासलं तरी १.१ च दिसणार. ती परीक्षा इथे कुचकामी आहे.

खरी परीक्षा उलटी. वरचं टोक अँटेनापासून सोडवा, उघडं ठेवा आणि खालून मोजा. उघड्या टोकावरून सगळी पॉवर परत फिरते, म्हणजे एसडब्ल्यूआर जितका वाईट तितकी केबल चांगली. रिटर्न लॉस (जाऊन परत येताना सिग्नल किती घटला ते) डेसिबलमध्ये वाचा, त्याच्या निम्मं म्हणजे केबलचा एकेरी तोटा. नव्या २५ मीटर आरजी-५८ चा तोटा ७ मेगाहर्ट्झला सुमारे १ डेसिबल, म्हणजे उघड्या टोकाला एसडब्ल्यूआर नऊच्या जवळ. २८ ला सुमारे २ डेसिबल, म्हणजे एसडब्ल्यूआर साडेचारच्या आसपास. माझ्याकडे ७ ला २.६ आणि २८ ला १.६ आला. १.६ म्हणजे १२.७ डेसिबल रिटर्न लॉस, एकेरी ६.४. खालून ५० वॅट सोडले की वर ११-१२ वॅट पोचत होते. त्या दिवशी अख्खा अँटेना गच्चीवरून चोरीला गेला असता तरी खाली मीटरने १.६ च दाखवला असता.

वर जाऊन पीएल-२५९, म्हणजे केबलच्या टोकाचा कनेक्टर, उघडला. आतून थेंब टपकला. मीटरभर केबल कापून वरचं आवरण सोललं तर तांब्याची जाळी काळीठिक्कर. अजून दोन मीटर कापले, तरी काळी. ही जाळी समईच्या वातीसारखी पाणी ओढते. एकदा तोंडाशी ओल लागली की ती आत चढत-उतरत राहते आणि ऊन पडलं म्हणून सुकत नाही. आता माझा नियम असा आहे की अर्धा मीटर सोलूनही जाळी काळी दिसली तर केबल भंगारात. वाचवायच्या नादात लागू नका. "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी" म्हणतात तसा मी महिनाभर तारांशी खेळत होतो.

पाणी आत गेलं कसं, तर पीएल-२५९ आणि त्याचा सॉकेट मुळात जलरोधक नाहीतच. आणि मी त्यावर काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली होती. मुंबईच्या मे महिन्यात तिचा गोंद वितळून खाली सरकतो, टेपची कड उचलते आणि जूनमध्ये तिथूनच पाणी. आता करतो ते असं: कनेक्टरचं तोंड कायम खाली. त्यावर सेल्फ अमालगमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबर टेप, दुप्पट ताणून, आणि खालून वर गुंडाळत, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर चढतो, घरावरच्या कौलांसारखा, आणि पाणी ओघळून जातं. वरून उन्हापासून बचावाला साधी काळी टेप. सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको. त्यातून निघणारं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा.

फीडपॉइंटचा डबा पूर्ण बंद करायच्या फंदात पडू नका. कितीही बंद केला तरी दमट हवा आत जाते आणि रात्री तिचं पाणी होतं. तळाला तीन मिलिमीटरचं एक भोक पाडा, आलेलं पाणी निघून जाऊ दे.

आणि केबल खिडकीतून आत घेताना आधी चौकटीच्या खाली वळण देऊन मग वर चढवा. माझ्याकडे वळण नव्हतं, पाणी केबलच्या अंगावरून सरळ टेबलापर्यंत आलं आणि पॉवर सप्लायच्या जाळीवर टपकत होतं. नशीब तेव्हा बटण बंद होतं.

तिसरा पावसाळा: पत्र्याची शेड

गळती थांबवायला सोसायटीने जूनच्या आधी अर्ध्या गच्चीवर लोखंडी पाइपांची चौकट उभारून पत्रे टाकले. मुंबईत जुन्या इमारतींत हा दर वर्षीचा सोहळा. कामगारांनी माझी एक बाजू उचलून पत्र्यावरून घेतली होती, वीतभर ते हातभर अंतरावर. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "तुमच्या तारेला कुणी हातसुद्धा लावलेला नाही, फक्त जरा बाजूला केली." (हेच सेक्रेटरी आधी "मोबाइलचा टॉवर लावताय का?" म्हणाले होते. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीचं लायसन्स दाखवल्यावर शांत झाले.)

या वेळी आलेख वाचता येत होता. डिप थोडा सरकलेला, पण मुख्य म्हणजे उथळ: १.३ चा २.४. सगळ्या बँडवर. नॅनोव्हीएनए घेऊन गच्चीवर फीडपॉइंटपाशीच मोजलं तर रेझोनन्सला रेझिस्टन्स २१ ओम. मोकळ्या अवकाशात सरळ डायपोलचा रेझिस्टन्स ७३ ओमच्या आसपास असतो, टोकं खाली उतरवली आणि जमीन जवळ आली की तो कमी होतो, म्हणून उलट्या व्ही-चा केबलच्या पन्नास ओमच्या जवळ येतो आणि आपण सुखी होतो. पण इतक्या जवळ सलग धातू आला की तो पन्नासच्याही बराच खाली जातो. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळयाही हे थोडं करतातच, पत्रा मात्र आरशासारखा. रेझिस्टन्स खालूनच, केबलमधून वाचायचा असेल तर केबल अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत हवी. आरजी-५८ चा व्हेलॉसिटी फॅक्टर (मोकळ्या अवकाशाच्या तुलनेत केबलमधला लहरींचा वेग) ०.६६ धरला तर ७.१ ला ती १३.९४ मीटर येते. नाहीतर एसडब्ल्यूआर जवळपास खरा पण ओमचा आकडा भलताच दिसतो.

तार लांब-आखूड करून हे सुटत नाही, उंची हाच इलाज. मधला पाइप तीन मीटरने वाढवला, शेडच्या बाजूच्या कोपऱ्यात चार मीटरचा बांबू उभा केला आणि टोक त्यावर घेतलं. रेझिस्टन्स ४० ओम, एसडब्ल्यूआर १.२५. निळी ताडपत्री असेल तर एवढं काही होत नाही. ती ज्या लोखंडी चौकटीवर बांधतात तिच्याकडे लक्ष ठेवा. सोसायटीची शेड पडायच्या आधी सेक्रेटरींना भेटून बांबूची जागा ठरवून घेणं उत्तम. नंतर पत्र्यावर चढून काम करणं धोक्याचं आहे आणि मी ते केलंय.

फक्त एकच बँड गेला असेल तर

मागच्या वर्षी २० मीटरचा डिप नाहीसा. ४०, १५, १० जिथल्या तिथे. बाकी बँड ठीक म्हणजे केबल ठीक, म्हणजे २० च्या जोडीतच काहीतरी. खालून मल्टिमीटरने बघून उपयोग नाही, डायपोल डीसीला तसाही उघडाच असतो. वर जाऊन प्रत्येक तार टोकापासून फीडपॉइंटपर्यंत बीप करून पाहिली. एक बोलली नाही. डोळ्यांना तार अखंड दिसत होती. डब्यापाशी धरून हलकी ओढली तर रबरासारखी लांबली: आत तांबं तुटलेलं, नुसतं पीव्हीसी तार धरून होतं. सोललं तर हिरवी भुकटी बोटांना लागली. वाऱ्यात तार त्याच जागी हलत राहते, धागे एकेक तुटत जातात आणि खारी हवा उरलेलं काम करते.

तेव्हापासून ताण कधीच जोडावर येऊ देत नाही. तार आधी डब्याच्या कानातल्या भोकांतून दोनदा ओवून मग सैल वळण देऊन थिंबलला, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीला. थिंबल सोल्डर केलेलं, नट-बोल्ट स्टेनलेसचे. साध्या लोखंडी बोल्टवर तांबं घट्ट आवळलं की दोन धातू आणि खारं पाणी मिळून छोटी बॅटरीच तयार होते. प्लास्टिकच्या कनेक्टर पट्ट्या, ज्यात पितळी नळीला लोखंडी स्क्रू असतात, त्या समुद्राजवळ एक पावसाळाही धड काढत नाहीत.

एक बारीक गोष्ट: २० ची तार दुरुस्त केल्यावर १० चीही थोडी हलली. एका फीडपॉइंटला अनेक जोड्या असल्या की त्या एकमेकींना ओढतात; लहान तारा मोठीच्या शेजारी आल्या की हिशोबापेक्षा थोड्या लांब लागतात आणि त्यांचा बँड अरुंद होतो. म्हणून आधी ४०, मग २०, मग १० आणि शेवटी पुन्हा एकदा ४०, या क्रमाने जुळवा. लहान तारा सुरुवातीला वीतभर जास्तच ठेवा.

केबलला हात लावला की आकडा बदलतो, पाऊस येताच शेजारच्या स्पीकरमधून तुमचा आवाज येतो, असं असेल तर केबलची बाहेरची बाजूच अँटेना झाली आहे. ओली भिंत तिला नवी वाट देते, म्हणून हेही पावसात जास्त. फीडपॉइंटपाशी चोक, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारं वेटोळं, बसवा: ३१ मिश्रणाच्या २.४ इंची टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) आरजी-५८ चे दहा-अकरा वेढे. लॅमिंग्टन रोडला टोरॉइड घेताना मिश्रण कुठलं ते विचारा. नुसता 'फेराइट' म्हणून रंगीत कडं हातात देतात, ते बहुधा पॉवर सप्लायचं लोहचूर्णाचं असतं आणि इथे चालत नाही.

वर जायच्या आधी एवढं करा. ढग गडगडायच्या आधीच केबल रेडिओपासून सोडवून खिडकीबाहेर टाका, आणि गडगडायला लागले की गच्चीकडे फिरकू नका. जूनच्या आधीचा आणि परतीचा पाऊस विजांचा असतो. कठड्याजवळच्या शेवाळावरून पाय सरकतो, चपला काढून ठेवण्यापेक्षा रबरी तळव्याचे बूट घाला. आणि तार ओढताना खालून विजेच्या किंवा केबलवाल्याच्या तारा जात नाहीत ना, ते बघा.

मेच्या शेवटच्या रविवारी, सगळं कोरडं असताना, चारही बँडचे आलेख काढून त्यांचे फोटो आणि उघड्या टोकाचे केबलचे आकडे एका कागदावर लिहितो आणि तो कागद कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवतो. जुलैत डिप हलला की आधी कपाट उघडतो. जानेवारीतही एकदा मोजतो, कारण संक्रांतीनंतर तारांत हमखास मांजा अडकलेला असतो आणि तो पीव्हीसी कापतो.

१५ मीटरचं मात्र अजून जमलेलं नाही. ४० कोरड्यात ७.१३० ला नेल्यामुळे तिसरा हार्मोनिक आणखी वर गेला, आणि २१.२ वर रेडिओच्या ट्यूनरशिवाय चालत नाही. दर बाजूला साडेतीन मीटरची चौथी जोडी कापून ठेवली आहे. दिवाळीनंतर गच्ची पूर्ण वाळली की टाकणार.